पोटातलं ओठांवर

"हेमा, कशाचा राग आलाय तुला?"

दिनकररावांनी स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा हेमलता इंगवले पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. तिने तोंडातून रागाचा एक शब्द काढला नव्हता. नुकताच मुलीचा, शर्वरीचा, पुण्याहून फोन येऊन गेला होता आणि तिच्याशी ती चांगली हसून-खेळून बोलली होती.

"राग? मला कुठे राग आलाय?"

दिनकरराव दारात आले. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वरणाची पळी. "मग आतडं का थबकलं? हे बघ. फोन यायच्या आधी लाटा कशा एकामागून एक छान चालल्या होत्या. शर्वरीनं बोलायला सुरुवात केली आणि सगळं गप्प. फोन ठेवल्यावरही किती वेळ गप्पच!"

हेमलताने गाऊनवरून पोटावरच्या पट्ट्याला हात लावला.

"तू तिला म्हणालीस, 'बघू, बंद करूया व्यायामशाळा.' म्हणालीस ना? पण तुला ती बंद करायची नाहीये."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या पोटानं," दिनकरराव म्हणाले आणि वरण खाली लागेल म्हणून घाईघाईने आत गेले.

वाईत, कृष्णेच्या घाटापासून जवळच, हेमलताची मुलींची मल्लखांबाची व्यायामशाळा होती. लग्न होऊन ती या गावात आली, त्याच्या पुढच्याच वर्षी तिने ती एका रिकाम्या गोदामात सुरू केली होती. खांबाला एरंडेल चोळायचं, दोरीची गाठ स्वतः ओढून पाहायची, आणि मग भेदरलेल्या मुलीला हळूहळू उलटं लटकायला शिकवायचं, यात तिची सगळी तारुण्याची वर्षं गेली. पन्नाशी उलटली तरी अवघड आसन ती आधी स्वतः करून दाखवायची. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात ती दोरीवर अर्ध्यातच दमू लागली तेव्हा तिला ते वयाचं वाटलं, आणि शौचातून रक्त पडू लागलं तेव्हा मूळव्याधीचं. तपासणीत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. कर्करोगाची.

साताऱ्याच्या 'आरोहण' रुग्णालयात डॉ. समीना बागवान यांनी तिला आणि दिनकररावांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी एका कागदावर आतड्याची नळी काढली, मधला भाग खोडला आणि उरलेली दोन टोकं जोडली.

"गाठ काढणं माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "ती लवकर सापडलीय, पूर्ण निघेल. मला काळजी असते ती या जोडाची. तो भरून आणणं तुमच्या शरीराचं काम. बहुतेकांचा नीट भरतो. काही जणांचा एखाद्या ठिकाणी कच्चा राहतो आणि तिथून आतड्यातली घाण पोटात झिरपायला लागते."

"मग कळतं कसं?" दिनकररावांनी विचारलं.

"पूर्वी ताप आला, पोट फुगलं, नाडी धावायला लागली की कळायचं. म्हणजे पोटभर जंतू पसरल्यावर. मग पुन्हा पोट उघडा, धुऊन काढा, शौचासाठी बाहेर पिशवी लावा. काही जण त्यातून उठतच नसत. ऑपरेशन उत्तम झालेलं, गाठ निघालेली, आणि माणूस गेला तो एवढ्याशा भोकानं. आता आमच्याकडे हा आहे."

त्यांनी टेबलावर ठेवलेला पट्टा हातमागाच्या कापडासारखा मऊ होता. केसाएवढ्या बारीक तारा त्यात विणलेल्या होत्या. तो पोटात काही घालत नव्हता, टोचत नव्हता, रक्त मागत नव्हता. नुसता बाहेरून लक्ष ठेवायचा, तेही तीन तऱ्हांनी. एक म्हणजे तो ऐकायचा. आतडं अन्न पुढे ढकलतं तेव्हा त्याच्या लाटांचा आवाज होतो. जोडापाशी दाह सुरू झाला की आसपासचं आतडं आखडतं आणि तिथल्या लाटा मंदावतात. दुसरं, तो पोटातून अतिशय क्षीण वीज सोडायचा, कातडीला कळणारही नाही इतकी. हवा वीज अडवते, द्रव वाहू देतो. आतड्याबाहेर चमचाभर द्रव साठला तरी विजेची वाट बदलते. आणि तिसरं, तो वास घ्यायचा. आतड्यातले जंतू भलत्या जागी पोचले की तिथे निराळे वायू तयार होतात, रक्तात मिसळतात आणि रक्तातून घामात उतरतात. माणसाच्या नाकाला ते कळत नाहीत. पट्ट्याला कळतात.

"यातली एकेक खूण फसवी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नुसता आवाज मंदावला तर कदाचित बद्धकोष्ठही असेल. पण तिन्ही मिळून बदलल्या की लक्ष द्यावंच लागतं. आणि तो तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी करत नाही. ऑपरेशनच्या आधीपासून घालायचा, म्हणजे तुमचं पोट एरवी कसं वागतं ते तो शिकतो. नंतर तुमची तुमच्याशीच तुलना."

म्हणूनच 'आरोहण'मध्ये आता रुग्णांना फार दिवस ठेवून घेत नसत. चालायला लागले, पाणी पचलं, की पट्ट्यासह घरी. रुग्णालयात एका खोलीत परिचारिका पाळीपाळीने बसून घरोघरच्या पट्ट्यांवर नजर ठेवत. ऑपरेशन होऊन घरी जाताना त्यातल्या एकीने हेमलताला विचारलं होतं, "घरातल्या कोणाच्या मोबाइलवर पट्टा दिसायला हवा?" हेमलताने क्षणाचाही विचार न करता नवऱ्याकडे बोट दाखवलं होतं.

दिनकररावांनी एसटीच्या विजेच्या बसगाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्यात नोकरी काढली होती. एका गाडीत शेकडो सेल, प्रत्येकाचं तापमान स्क्रीनवर. धूर निघायच्या कितीतरी आधी एखादा आकडा किंचित हलतो, आणि जो तो हलताना पाहतो तो गाडी वाचवतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. निवृत्तीनंतर अशी नजर लावायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. आता बायकोचं पोट आलं.

मोबाइलवर लाटा दिसत. जेवणानंतर त्या उंच व्हायच्या, झोपेत लांबट व्हायच्या. पहिल्या दिवसापासूनच त्यांच्या लक्षात आलं की लाटा मनाप्रमाणेही बदलतात. घाबरलं, चिडलं, लपवलं की आतडं थांबतं. डॉक्टरांना यात नवल नव्हतं, आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. पण डॉक्टरांना लाटांमध्ये जोड पाहायचा होता. दिनकररावांना त्यात हेमलता दिसू लागली.

"मेथीची भाजी तुला आवडली नाही."

"शेजारच्या वहिनी आल्या तेव्हा तुला कंटाळा आला होता."

"झोपलीयस असं दाखवत होतीस. जागी होतीस."

सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढे ती वैतागली. पंचवीस वर्षांत या माणसाने तिला 'तुला काय वाटतं' असं क्वचितच विचारलं होतं, आणि आता त्याला न विचारताच सगळं कळत होतं. त्यांना राग यायचा नाही, ते टोचून बोलायचे नाहीत. उलट प्रेमानेच सांगायचे. म्हणून तर तक्रार करणंही अवघड होतं.

पण त्या दिवशी वरण-भात झाल्यावर दिनकररावांनी एक गोष्ट केली. त्यांनी शर्वरीला फोन लावला.

शर्वरीचं म्हणणं सरळ होतं. आईने व्यायामशाळा बंद करावी, दोघांनी पुण्याला तिच्याकडे राहायला यावं. गेले कित्येक आठवडे ती हेच सांगत होती आणि आजारपणात वाद नको म्हणून हेमलता 'बघू, करूया' म्हणत होती. दिनकररावांनी मुलीला सांगितलं, "आई तोंडानं हो म्हणते, पण तिचं पोट हो म्हणत नाही. मी बघितलंय."

थोड्याच वेळात हेमलताचा फोन वाजला.

"आई, तू माझ्याशी खोटं का बोललीस?"

"अगं, खोटं कुठे..."

"बाबांनी मला चित्र पाठवलंय. मी बोलत असताना तुझ्या पोटात काय झालं त्याचं. मला वाटत होतं आपण ठरवतोय. तू नुसती मला खेळवत होतीस." शर्वरीचा आवाज चिरकला. "नको असेल तर तोंडावर सांग ना!"

हेमलताने फोन बंद केला. मग ती उठली, न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि पट्टा सोडला. कातडीवर त्याच्या विणीचे वळ उमटले होते. तिने ते वळ चोळले, पट्ट्याची घडी घालून कपाटात ठेवली, साडी नेसली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. दिनकररावांचा पुढच्या खोलीत बसल्या बसल्या डोळा लागला होता.

व्यायामशाळा त्याच गल्लीच्या टोकाला होती. हळूहळू चालत ती पोचली तेव्हा दुपारच्या वर्गाच्या मुली जमल्या होत्या. "बाई आल्या!" असा एकच गलका झाला. कोणीतरी खुर्ची आणली. एरंडेलाचा तो ओळखीचा वास, दोरीची करकर, मुलींच्या पायांचे धपधप आवाज. कितीतरी दिवसांनी तिला आपल्या अंगात आपणच आहोत असं वाटलं. इथे कोणी तिच्या आत डोकावत नव्हतं.

ईश्वरी नावाची मुलगी दोरीवर होती आणि तिची पकड वरच्या हाताला सैल पडत होती. "कोपर आत, ईश्वरी. हे असं," म्हणत हेमलताने बसल्या जागी डावा हात वर केला.

खांद्याच्या टोकावर कोणीतरी दाभण खुपसावं तशी कळ आली. तिने हात खाली घेतला. खोल श्वास घेतला तर कळ वाढली, उथळ घेतला तर कमी झाली. खांदे तिचे कायमच कुरकुरायचे. आयुष्यभर लटकलेले खांदे ते. काल संध्याकाळीही असंच थोडं दुखलं होतं. बोलले तर हे त्या मोबाइलवरून नजरच काढणार नाहीत, म्हणून ती तेव्हा गप्प राहिली होती. आताही तिने मुलींकडे पाहून हसून घेतलं आणि वर्ग संपेपर्यंत बसली.

ती परतली तेव्हा दिनकरराव अंगणात उभे होते. चप्पल एकाच पायात. रुग्णालयातून पट्टा सुटल्याचा फोन आला होता. त्यांनी घर शोधलं, घाट शोधला, ओळखीपाळखीच्यांना फोन केले. व्यायामशाळा त्यांच्या डोक्यातच आली नाही. ऑपरेशन होऊन आठवडा झाला नाही अशी बाई तिथे कशी जाईल?

"कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"जिथे मी माझी असते तिथे." हेमलता पायरीवर बसली. "अहो, मी काय बस आहे का तुमची? मला कधी राग येतो, कधी मी खोटं बोलते, कधी झोपेचं सोंग घेते. ते माझं आहे. तुम्ही ते मुलीला चित्र काढून पाठवता?"

दिनकररावांनी मोबाइल खिशात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते. हेमलताला त्यांची दयाही आली आणि रागही गेला नाही. पण पट्टा का दिलाय हे ती विसरली नव्हती. तिने आत जाऊन तो पुन्हा बांधला.

पट्ट्याला थोडा वेळ लागला. मग मोबाइलवर लाटांशेजारच्या हिरव्या ठिपक्याच्या जागी पिवळा ठिपका आला आणि जवळजवळ लगेचच रुग्णालयातून फोन आला. परिचारिका शांतपणे बोलली. "हेमलताताई, काही खाऊ-पिऊ नका. बॅग भरा आणि निघा. घाबरायचं कारण नाही, पण उद्यावर टाकू नका."

"मी ठणठणीत आहे हो. आत्ता चालून आले."

"म्हणूनच आत्ता या, ताई. ठणठणीत असताना या."

दोघं लगेच साताऱ्याला निघाली. रुग्णालयात पोचताच रक्त घेतलं, ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं, स्कॅन केला. ताप नव्हता. रक्तातले आकडे ऑपरेशननंतर असायला हवेत तसेच होते. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही.

डॉ. बागवान समोर येऊन बसल्या. संध्याकाळचं ऊन खिडकीतून त्यांच्या पाठीवर येत होतं.

"मी स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "पट्ट्याला शंका आहे, खात्री नाही. द्रवाची खूण थोडी बदललीय, वासाची अगदी किंचित. पण बदल कधी सुरू झाला आणि किती वेगानं वाढला त्यावरून तो ठरवतो. नेमका तोच वेळ त्याच्याकडे नाही, कारण पट्टा कपाटात होता. स्कॅन स्वच्छ आहे, पण अगदी बारीक गळती स्कॅनलाही सुरुवातीला दिसत नाही."

"मग आता?" दिनकररावांनी विचारलं.

"दोन वाटा आहेत. एक, इथे थांबून उद्यापर्यंत पाहायचं. गळती नसेल तर काही बिघडलं नाही. असेल तर रात्रभरात ती पसरेल. दुसरी वाट म्हणजे आत्ताच हलकी भूल देऊन खालच्या बाजूनं दुर्बीण घालायची आणि जोड डोळ्यांनी बघायचा. पण जोड नवा आहे. दुर्बिणीतून हवा सोडावी लागते, त्यावर ताण येतो. उगाच केलं तर चांगल्या जोडाला धक्का लागायची भीती आहे. म्हणून मला आणखी काहीतरी हवंय." त्या हेमलताकडे वळल्या. "पट्ट्याकडे जो वेळ नाही तो तुमच्याकडे आहे. त्या वेळात काय झालं ते मला सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. यांना हवं तर बाहेर बसवू."

हेमलताने नवऱ्याकडे पाहिलं. ते आपणहून उठायला लागले होते.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हीही ऐका."

मग तिने सांगितलं. मागच्या दाराने गेले ते, मुलींमध्ये बसले ते, पकड दाखवायला हात वर केला ते, आणि खांद्यातली कळ. कालही दुखलं होतं आणि ते लपवलं, हेही.

डॉक्टर एकदम पुढे झुकल्या. "डावा खांदा? नेमका कुठे?"

हेमलताने टोकावर बोट ठेवलं.

"हात हलवल्यावर जास्त की श्वास घेतल्यावर?"

"श्वास घेतल्यावर. हात तर नंतर खालीच होता."

"ऑपरेशननंतर लगेच दुखत होता का?"

"नाही. कालपासून."

डॉ. बागवान यांनी क्षणभर विचार केला. "खांदा दुखत नाहीये तुमचा," त्या म्हणाल्या. "छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. त्याची नस मानेतून येते, खांद्याच्या कातडीच्या नसेशेजारून. पोटातून काही वर झिरपून त्या पडद्याला झोंबलं की मेंदूची गल्लत होते, त्याला वाटतं खांदा दुखतोय. ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या हवेनंही असं होतं, पण ते पहिल्या एक-दोन दिवसांत जातं. नव्यानं सुरू होत नाही. माझं मत विचाराल तर मी आत्ता बघेन. पण हो-नाही तुम्ही म्हणायचं."

"पण स्कॅन स्वच्छ आहे ना?" दिनकरराव कळवळून म्हणाले. "रक्त चांगलं आहे. ताप नाही. सगळे आकडे चांगले असताना उगाच जोडाला धक्का..."

"अहो," हेमलता म्हणाली. तिचा आवाज वर्गात मुलींना धीर देताना असायचा तसा होता. "आजवर त्या मोबाइलच्या पडद्यावर विश्वास ठेवलात. आता मी सांगतेय. माझ्यावर ठेवाल?"

दिनकररावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांत त्यांनी ते नीट पाहिलं नव्हतं. ते उतरलेलं होतं, पण डोळे स्थिर होते.

"ठेवतो," ते म्हणाले.

"बघा, डॉक्टर," हेमलता म्हणाली.

जोडाच्या मागच्या बाजूला, सहज पाहिलं तर दिसणार नाही अशा ठिकाणी, मोहरीएवढं भोक होतं. त्यातून झिरपलेलं फारसं पसरलं नव्हतं. डॉ. बागवान यांनी दुर्बिणीतूनच तिथे स्पंजाचा छोटा तुकडा बसवला. त्याला बारीक नळी होती आणि नळीला हलकं शोषण. स्पंज घाण ओढून घेत राहतो आणि कडा एकमेकींकडे ओढल्या जाऊन भरून येतात. पोट उघडावं लागलं नाही. पिशवी लागली नाही. दोन-तीनदा स्पंज बदलला, प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा लहान बसवावा लागला, आणि शेवटी डॉक्टरांनी पडद्यावर तिला तिचाच जोड दाखवला. गुलाबी, अखंड.

"एखादा दिवस उशीर झाला असता तर आपण अतिदक्षता विभागात बोलत असतो," त्या म्हणाल्या. "आता एक विचारू? पट्टा का काढलात?"

दिनकरराव शेजारीच होते. हेमलताने काही न लपवता सांगितलं. मेथीची भाजी, शेजारच्या वहिनी, शर्वरीला पाठवलेलं चित्र, सगळं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हा पट्टा करताना आम्ही आतड्याचा विचार केला," त्या म्हणाल्या. "तो ज्या घरात जाणार त्या घराचा केलाच नाही. तुमच्यासारख्या आणखी किती जणांनी तो काढून ठेवला असेल, आणि आम्ही आपले त्यांना 'निष्काळजी' म्हणून मोकळे झालो."

त्या महिन्यापासून 'आरोहण'मध्ये नियम बदलला. लाटा फक्त रुग्णालयाला दिसू लागल्या. घरच्यांना नुसता हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका, आणि तोही रुग्णाने म्हटलं तर. परिचारिका तो प्रश्न आता घरच्यांना बाहेर बसवून विचारू लागल्या.

हेमलताला त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ठिपका यांना दिसू दे. नाहीतर यांना झोप लागायची नाही. बाकीचं मी सांगेन."

ती घरी आली त्या दिवशी शर्वरी पुण्याहून आली. येताना तिने आईच्या आवडीची फुलं आणली, आणि चेहऱ्यावरचा ताणही. चहा झाल्यावर हेमलताने पाय वर घेतले आणि बोलायला सुरुवात केली.

"शर्वरी, मी व्यायामशाळा बंद करणार नाही. आधीच सांगायला हवं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून हो-हो करत राहिले, ते चुकलं."

शर्वरीने सवयीने बापाकडे पाहिलं. "बाबा, हे तरी खरं आहे का?"

"मला काय माहीत?" दिनकरराव म्हणाले. "तिलाच विचार."

शर्वरी आईकडे वळली.

"तुला खरंच जमणार आहे, आई? दोरीवर चढायचं, मुलींना उचलायचं?"

"माहीत नाही. बहुतेक पूर्वीसारखं नाहीच जमणार. मोठ्या मुली करून दाखवतील, मी खुर्चीत बसून ओरडेन." हेमलता थांबली. "मला भीती वाटते, शर्वरी. गाठ परत येईल याची वाटते. पण पुण्याला तुझ्या गॅलरीत बसून ती कमी होणार नाही. तिथे तर दिवसभर तीच सोबतीला असेल."

शर्वरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मलाही त्याचीच भीती वाटते. म्हणून तर तुला जवळ ओढत होते. माझ्या डोळ्यांसमोर असलीस तर काही होणार नाही, असलं काहीतरी वेड्यासारखं."

"तुझ्या बाबांची मुलगी शोभतेस," हेमलता म्हणाली आणि तिघंही हसली. हेमलता पोटाला हात लावून, जपून.

शर्वरी आठवडाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी ती आईबरोबर व्यायामशाळेत गेली. लहानपणी अर्धवट सोडलेल्या दोरीला तिने हात घातला आणि दोन हात वर चढून घसरली, तेव्हा मुली खो खो हसल्या. हेमलताने खुर्चीतूनच तिला पकड सुधारायला सांगितलं. पुन्हा घसरली. पुन्हा सांगितलं. ईश्वरीने खालून तिचे पाय धरले, आणि तिसऱ्या खेपेला शर्वरी चांगली दोरीच्या निम्म्यापर्यंत जाऊन वरून ओरडली, "आई, आता खाली कसं यायचं?"

वर्ग सुटला तेव्हा दिनकरराव दारात येऊन उभे होते. मोबाइल कुठेतरी घरीच राहिला होता. शर्वरी मुलींशी बोलत मागे रेंगाळली, आणि ती दोघं गल्लीतून सावकाश चालू लागली. नदीकडून वारा येत होता.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. विचारताना ते थोडे संकोचले, जणू हा प्रश्न आपण बरोबर उच्चारतोय की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

हेमलताने खरोखरच थांबून विचार केला. खांदा हलका होता. जोड ओढत नव्हता. आणि आत, खूप महिन्यांत न जाणवलेलं, काहीतरी कुरकुरत होतं.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "सडकून."